देवमाशाची शेपटी

"आज होडी सुटायची न्हाई, मावशी," असं म्हणत अंबाजीनं होडीचा दोर जांभळीच्या बुंध्याला आणखी एक वेढा देऊन आवळला. "वारं बगा कसं सुटलंय. उद्या सकाळी पैल्या फेरीला नेतो."

"उद्या नगं. आजच जायाचंय." कमरजहाँनं चपला काढून हातात घेतल्या आणि ती तशीच पाण्यात उतरली. लुगडं पोटरीपर्यंत भिजलं. साठीला आलेली बाई, पण होडीची कड धरून अशी उभी राहिली की हिला आता काठावर परत कोण नेणार, असा प्रश्न पडावा. "पल्याडची मानसं जबाबाची वाट बगत बसल्यात. आजचा वायदा हाय. तू न्हाई नेलंस तर वळसा घालून चालत जाईन."

"कसला जबाब?"

"हसिनाला मागनं आलंय. त्यो महंमद न्हाई का, बायको बाळंतपनात गेली त्याची? पदरात तीन वर्साची पोर हाय. मानूस वंगाळ न्हाई. पन मी न्हाई म्हनून सांगाया चाललीया. माजा युनूस जिता आसताना त्याची बायकू दुसऱ्याच्या घरात कशी घालू?"

अंबाजीचा हात दोरावर तसाच राहिला. धरणाला वळसा म्हणजे आठ मैलांचा चिखल, आणि ही बाई बोलली म्हणजे चालणारच. त्यानं दोर सोडला. होडीत तिला मागच्या फळीवर बसवलं, स्वतः मधल्या फळीवर बसला आणि वल्ही हातात घेतली.

आता वल्हवणाऱ्या माणसाची एक मोठी पंचाईत असते. त्याची पाठ जायच्या दिशेला आणि तोंड मागं बसलेल्या माणसाकडं. कुठं बघायचं नाही म्हटलं तरी समोर तेच माणूस. अंबाजीनं तीन वर्षं या बाईच्या डोळ्याला डोळा देणं टाळलं होतं. बाजारात ती दिसली की तो दुसऱ्या आळीनं जायचा. आज ती हातभर अंतरावर गुडघ्याला गुडघा लावून बसली होती.

अंबाजी तसा शेतकऱ्याच्या घरातला. धरण झालं तेव्हा बापाची भाताची खाचरं पाण्याखाली गेली, आणि ज्या जमिनीवर बाप चिखलणी करायचा तिच्यावरूनच मुलगा होडी चालवायला लागला. कुणी शिकवलं नाही. पडत, झडत, लोकांच्या शिव्या खात शिकला. मावशीचा मुलगा युनूस मुलाण्यांच्या घरातला, अंबाजीहून सहा वर्षांनी लहान. तो लोणावळ्याला यार्डातल्या इंजिनात कोळसा मारायचा. लढाई सुरू झाली आणि जहाजांवर माणसं हवीत अशी हाकाटी झाली, तेव्हा युनूसच्याच डोक्यात किडा वळवळला. "अंबाजीभाऊ, कोळसा हितंबी काळा आन् तितंबी काळा. तू वल्हं मारतूस, मी फावडं मारतो. जग तरी बगून यिऊ." दोघं गेले. बेचाळीसच्या पावसाळ्यात आफ्रिकेच्या अलीकडं पाणबुडीनं त्यांचं जहाज बुडवलं. त्रेचाळीसच्या संक्रांतीला एकटा अंबाजी परत आला. युनूसच्या घरी सरकारी कागद आला होता, त्यात एवढंच लिहिलं होतं, बेपत्ता.

गावानं अंबाजीला खोदून खोदून विचारलं. त्यानं देवमासा सांगितला. हौशीरामच्या दुकानाच्या पायरीवर बसून त्यानं तो इतक्या वेळा सांगितला की लोक त्याला देवमासेवाला म्हणायला लागले. "बसा, बसा, देवमासा आला," असं म्हणून हौशीराम त्याला सुपारी द्यायचा. कुणी विचारायचं, "आरं, रेल्वेच्या दोन डब्यांयवढा मासा, मंग त्याला कालवनात मीठ किती घातलंस?" अंबाजीही त्यांच्याबरोबर हसायचा. त्यानं सांगितलेलं सगळं खरं होतं. पुरं मात्र नव्हतं. देवमाशाची पाठ, त्याचा फवारा, त्याचा वास, हे त्यानं सांगितलं. शेपटी सांगितली नाही. युनूसचं विचारलं की म्हणायचा, "आमच्या दोन होड्या व्हत्या. मधला दोर तुटला. त्यांची होडी कुटं लागली, देवाला म्हाईत."

या एका वाक्यावर कमरजहाँ जगत होती. लढाई संपली, जपान्यांनी धरून नेलेली माणसं घरी यायला लागली. कामशेतचा एक शिपाई हाडांचा सापळा होऊन का होईना, पण परत आला. तेव्हापासून तर तिची खात्रीच पटली. दर ईदेला ती सुनेला कासाराकडं नेऊन हिरव्या बांगड्या भरायची. हसिना पंचवीस वर्षांची होती.

होडी मध्यावर आली तशा लाटा आडव्या बसायला लागल्या. मावशीनं दोन्ही हातांनी फळी धरली.

"हसिना काय म्हनती?" अंबाजीनं विचारलं.

"ती काय म्हननार? मी म्हनंन त्ये. परवा चुलीम्होरं बसली व्हती. मी म्हनलं, पोरी, तुजं मन काय म्हनतंय? तर म्हनली, आत्या, त्ये येनार आसतील तर मी बसते. न्हाई येनार आसं कुनी सांगत बी न्हाई." तिनं फळी आणखी घट्ट धरली. "आता ह्याच्यावर मी काय बोलू, तूच सांग."

सांगायचा तो एकटाच होता. जहाजावरचे वाचलेले बाकीचे खलाशी रत्नागिरीकडचे; त्यांतला कोण कुठं गेला, पत्ता नाही. अंबाजी गप्प राहिला असता तर साऱ्या मुलखात त्याला खोटं ठरवणारा कुणी नव्हता. पलीकडचा काठ दिसायला लागला होता. त्या काठाला मावशी उतरली आणि नाही म्हणाली, की हसिनाचं दार कायमचं लागलं. हे त्याला लख्ख कळत होतं, आणि कळूनही तो नुसता वल्ही मारत होता. स्वतःची त्याला अशी चीड आली की त्यानं वल्हं नको तितकं जोरात ओढलं आणि होडीत ओंजळभर पाणी आलं.

"मावशी," तो म्हणाला, "दोर तुटला न्हवता."

तिनं त्याच्याकडं पाहिलं.

"दोर तुटला न्हवता. मी खोटं बोललो. युनूस माज्या डोळ्याम्होरं गेला."

वारा असा होता की वल्ही थांबवली तर होडी आडवी झाली असती. म्हणून अंबाजी वल्हवत राहिला आणि एकेका हिसक्याबरोबर तुटक तुटक सांगत राहिला.

जहाज गेल्यावर दोन लहान होड्या उरल्या होत्या. एकीत नऊ जण, एकीत सात. मध्ये वीस हातांचा दोर. अंबाजी पहिलीत, युनूस दुसरीत. समुद्र नुसता खवळलेला. लाटेच्या माथ्यावर असलं की दुसरी होडी दिसायची, खाली गेलं की चारी बाजूंनी पाण्याच्या भिंती. पाळीपाळीनं वल्ही मारायची, पाणी उपसायचं, जाड बिस्किटाचा तुकडा चघळायचा. पाचव्या दिवशी दुपारी वारा जरा पडला, आणि दोन्ही होड्यांच्या बाजूला पाणी फुगून वर आलं. आधी सगळ्यांना वाटलं, पाणबुडीच परत आली. मग फवारा उडाला, सडक्या माशाचा दर्प आला, आणि काळी पाठ वर आली ती संपेचना.

अंबाजीच्या होडीत जुना सारंग होता, खलाशांचा मुकादम, सगळं आयुष्य पाण्यावर काढलेला. त्यानं हात वर केला आणि हळूच सांगितलं, कुणी आवाज करायचा नाही, वल्हं हलवायचं नाही, तो त्याच्या वाटेनं जाईल. कोकणातली माणसं होती तशी बसून राहिली. पण ती पाठ युनूसच्या होडीकडं सरकत होती, आणि अंबाजी होता मावळातला. भाताच्या राखणीला माळ्यावर बसून ज्याचं लहानपण गेलं, त्याला एवढंच ठाऊक की मोठं जनावर अंगावर येतंय म्हटलं की डबा बडवायचा आणि ओरडायचं. रानडुक्कर त्यानंच पळतं. त्यानं बिस्किटाचा रिकामा डबा उचलला आणि वल्ह्याच्या मुठीनं बडवायला सुरुवात केली.

"सारंग शिव्या देत व्हता. मला आयकूच येईना. आन् मावशी, युनूसनं माजा डबा आयकला. त्यानंबी त्यांच्या होडीतला डबा घेतला. हाऽऽ हुर्र्या करून वरडाया लागला, आपन खाचरात वरडायचो तसा."

"मंग?"

"मंग त्ये बुजलं. एकदम खाली गेलं. जाताना शेपटी वर आली, घराच्या छपराच्या पाक्यायवढी, आन् त्येच्या संगं सगळं पानी उचाललं. त्यांची होडी पालथी झाली. तिगांना वर वढलं आमी. युनूस एकदा वर आला. त्यानं हात केला. मी वल्हं फुडं धरलं." अंबाजीनं पुढचा हिसका मारला. "पोचलं न्हाई. परत लाट आली, आन् मंग त्यो दिसलाच न्हाई. सांजपतुर फिरलो आमी तितंच."

कमरजहाँ रडली नाही. तिचे ओठ हलत होते. मग तिनं विचारलं, "तू डोळ्यानं बगितलंस?"

"डोळ्यानं."

"डबा वाजवताना कसा व्हता त्यो? भ्यालता का?"

"न्हाई. हसत व्हता. पाच दिसांत पैल्यांदाच हसला."

ती पाण्याकडं बघत राहिली. "डबा वाजवायला मीच शिकवलं त्याला," ती म्हणाली. "त्याचा बाप गेला तवा राखनीला मीच जायाची. चार वर्साचा व्हता. झोपला की उठवायची, म्हनायची, वाजीव, न्हाईतर डुकरं भात खात्याल."

"मी न्हाई वाजवला आसता तर..."

"त्ये मला सांगू नगस. माशाच्या मनात काय व्हतं, तुला म्हाईत न्हाई आन् मला न्हाई." पाण्यावरची नजर तिनं त्याच्याकडं वळवली. "डबा तू त्याला वाचवायला वाजवलास. पन तीन वर्सं तू मला बांगड्या भराया लावल्यास, अंबाजी. माज्या हातानं त्या पोरीला नटवायला लावलंस. दुकानावर बसून मासा सांगत व्हतास, लोकं हसत व्हती, आन् मी घरात बसून आयकायची. त्ये लय लागलं मला."

अंबाजीला लाज वाटली, एवढंच खरं. लाज वाटली, एवढंच खरं. 

काठावर महंमद डोक्यावर कांबळ्याची खोळ घेऊन उभा होता. शेजारी त्याची पोर, नाकातलं पाणी पुसत. महंमदनं पुढं होऊन होडी ओढून घेतली आणि मावशीला हात दिला. "घरी चला, मावशी. च्या ठिवलाय."

"बसत न्हाई मी," कमरजहाँ म्हणाली. गुडघाभर पाण्यातच ती उभी राहिली. "महंमद, पोरगी तुला दिली."

महंमदच्या तोंडावर हसू यायला लागलं, पण तिचा चेहरा बघून ते तिथंच राहिलं.

"पन चार म्हैनं धा दिस थांबावं लागंल. इद्दत धरायची हाय तिला."

"इद्दत?" महंमद गोंधळला. ती तर नवरा मेलेल्या बाईनं धरायची. त्यानं अंबाजीकडं पाहिलं, अंबाजीनं मान खाली घातली. मग त्याच्या ध्यानात आलं. तो हलकेच म्हणाला, "मावशी, आसं आसंल तर त्याला चार वर्सं झाली. इद्दत कवाच सरली. काजीबी त्येच सांगंल."

"काजी काय बी सांगू दे. माज्या घरातनं त्यो आज गेला," ती म्हणाली. "आजपासनं मोजायचं."

महंमदनं मान डोलावली. मग त्यानं पोरीला कडेवर उचललं आणि मावशी होडीत नीट बसेपर्यंत कड धरून ठेवली.

परत निघताना वाऱ्याचा जोर तसाच होता. अर्ध्या वाटेवर आल्यावर कमरजहाँ म्हणाली, "हसिनाला मी सांगायची न्हाई. तू घरी येऊन सांगायचंस. समदं. डब्यासकट."

"व्हय, मावशी."

"तिनं काय बी बोललं तरी आयकून घ्यायचंस."

"घेईन."

मग तिनं चारी बाजूंना पाहिलं. "त्यो दर्या कंच्या बाजूला आला हितनं?"

अंबाजीनं एक वल्हं उचललं आणि मावळतीकडं दाखवलं. तिकडं डोंगराची रांग ढगात बुडाली होती. "त्या घाटाखाली कोकन. कोकनाच्या फुडं दर्या. थोडा डाव्या हाताला, लय लांब."

"तिकडं?" तिनं पुन्हा एकदा विचारलं. तो हो म्हणाला. ती डोंगराकडं बघत राहिली. "नमाजाला पाची येळंला तिकडंच तोंड आसतंय माजं," ती म्हणाली. "होडी फिरीव जरा. तोंड तिकडं कर."

वारा नेमका तिकडूनच येत होता. अंबाजीनं उजवं वल्हं दाबून धरलं, डावं मारलं आणि होडीचं पुढचं टोक मावळतीला आणलं. मावशीनं पदर डोक्यावर नीट ओढून घेतला, दोन्ही हात समोर धरले आणि ओठांतल्या ओठांत काही म्हणायला लागली. वाऱ्याच्या माऱ्यानं होडी पुन्हा पुन्हा फिरायला बघत होती. अंबाजी डोळे खाली घालून वल्ही मारत होता. पुढं जायचं नव्हतं आणि मागंही सरायचं नव्हतं. तिचं संपेपर्यंत होडीचं तोंड त्यानं मावळतीवरून हलू दिलं नाही.