कॅमेऱ्याकडे पाठ

मालकांचा हुकूम साधा होता. त्यांनी हात वर केला तरच कॅमेरा थांबवायचा, ओरडले तर नाही. सिनेमे तेव्हा मुके होते, त्यामुळे ओरडणं हा अभिनयच, आणि अभिनयात मालक हात आखडता घेणारे नव्हते. गोष्ट त्यांची, दिग्दर्शन त्यांचं, नायकही तेच. घोड्यावर बसायला तेच आणि घोडा अडला तर शिव्या घालायलाही तेच.

बायकोच्या वाट्याला कात्री आली होती. ती कायम तिच्या कमरेला असायची. स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून ती फिल्मचे तुकडे उजेडात धरायची, नको ते कापायची, हवं ते चिकटवायची. नवऱ्याचा चेहरा दिवसभर बघून ती इतकी कंटाळायची, की तो जेवायला समोर बसला तरी मान वर करत नसे.

त्या दुपारी अंगणात लाकडी झोपडी पेटवायची होती. आत नायक, दोन्ही हात खांबाला बांधलेले. दोरी जळू नये म्हणून मालकांनीच ती भिजवून घेतली. झटका दिला की सुटेल अशी गाठ मारायला लावली आणि कॅमेऱ्यावरच्या मेहुण्याला बजावलं, "हँडल फिरवत राहा. मी कितीही बोंबललो तरी."

"बरं भावोजी."

आग लागली. मालक झकास ओरडू लागले. मग त्यांनी झटका दिला. पुन्हा दिला. ओली गाठ सुटायच्या ऐवजी आवळत गेली. "थांबवा, थांबवा," ते किंचाळले, तेव्हा मेहुणा कौतुकाने हसला. बादल्या घेऊन उभी असलेली माणसंही बघत राहिली. हात वर गेला नव्हता. बांधलेला हात वर जाणार कसा, हे एवढ्या मोठ्या दिग्दर्शकाला सुचलंच नव्हतं.

बायको पायरीवर उभी होती. छातीत धडधडत होतं, पण ते दर सिनेमाला व्हायचं. मग मालक वळले. गाठ दातांनी सोडवायला खांबाकडे वाकले आणि कॅमेऱ्याला त्यांची पाठ दिसली.

इतक्या वर्षांत एकाही तुकड्यात तिने ही पाठ पाहिली नव्हती. पडताना, बुडताना, हा माणूस तोंड कॅमेऱ्याकडे ठेवूनच मरायचा.

कात्री उपसून ती आगीत घुसली. मग बादल्या धावल्या.

मालक अंगणात खोकत पडले. भुवया जळल्या होत्या, मनगटं सोलली होती. "चालू होता का?" त्यांनी पहिलं हेच विचारलं.

"चालूच होता," मेहुणा म्हणाला. "ताई धावली, तेही आलंय."

फिल्म धुऊन आली तेव्हा दोघं खिडकीशी बसले. धुरात शिरणाऱ्या बाईचा चेहरा मालकांनी बराच वेळ उजेडात धरला.

"असा चेहरा मला जन्मात जमला नाही," ते म्हणाले. "हा ठेवू. लोक रडतील."

तिला राग आला, आणि रडूही. "तो लोकांसाठी नव्हता," ती म्हणाली. तुकडा ओढून घेतला आणि कात्री लावली.

मालकांनी पट्टी बांधलेला हात वर केला. ती थांबली नाही.