कोपरा फाडलेलं कार्ड

मानमोडीच्या तापाची साथ आली त्या साली सालेकशाचे रूपलाल बिसेन रोज कुणा ना कुणाचं मयतीचं कार्ड लिहून देत. लोक त्यांच्याकडेच येत, कारण त्यांचं पत्र वाचणाऱ्याला सावरायला वेळ देई. पहिल्या ओळीत रामराम, दुसरीत आजारपण, आणि तिसरीत, अक्षर किंचित बारीक करून, गेलेल्याचं नाव. मग ते कार्डाचा कोपरा फाडत. तसं कार्ड हाती आलं की निरक्षरालाही कळे. ते घरात न्यायचं नाही, अंगणातच वाचून फाडून टाकायचं.

एका दुपारी डाकवाल्यानं त्यांच्याच हातात कार्ड दिलं. तिरोड्याचं आहे, एवढंच म्हणाला आणि थांबला नाही. रूपलालांनी न पाहताच ते मुठीत धरलं. अंगठ्याला फाटकी कड लागली. तिरोड्याला त्यांची एकुलती एक लेक दिलेली होती, तुलसा.

ते अंगणातच थांबले. मूठ उघडेना.

"घरात काऊन येऊन नाही राहिले जी?" त्यांच्या बायकोनं, फुलवंताबाईंनी, आतून विचारलं.

बैलाचा खूर पाहतो, असं काहीतरी ते बोलले. मग कार्ड हळूच वर केलं. पत्त्यातलं स्वतःचं नाव दिसलं. अक्षर तुलसाचं होतं. त्यांनीच पाटीवर गिरवून घेतलेलं. लेक जिवंत होती! आनंद झाला आणि त्याच क्षणी त्या आनंदाची लाज वाटली.

कार्ड उलटलं. रामराम. ताप. तिसऱ्या ओळीत, बारीक अक्षरात, हुकुमचंद. त्यांचा जावई.

त्यांनी ते नाव पुन्हा वाचलं. पण खरी भीती पुढेच होती. शेवटच्या दोन ओळींवर शिरोरेखाच नव्हती, अक्षरं उतरणीला लागल्यासारखी खाली घसरली होती. तुलसा कधी उघडं अक्षर सोडत नसे. कार्ड तीन दिवसांपूर्वीचं होतं.

"हुकुमचंद गेला," त्यांनी दारातूनच सांगितलं. "तुलसाले बी ताप आहे. मी जाऊन राहिलो."

"मी बी येतो," फुलवंताबाई म्हणाल्या आणि तशाच निघाल्या.

आगगाडीत दोघं एकमेकांकडे पाहत नव्हती. गाडी स्टेशनात थांबली की रूपलालांना वाटे, आता उशीर झाला. तिरोड्यात जावयाच्या दाराला कुलूप दिसलं, तेव्हा त्यांनी ते ओढून पाहिलं.

शेजारच्या शामकलाबाईंनी हाक मारली. तुलसाला त्यांनी आपल्या ओसरीवर आणून निजवलं होतं. डोळे खोल गेलेले, अंग तापलेलं. बापाला तिनं ओळखलं.

"बाबा, पत्र बरोबर लिवलं ना मी?"

"बरोबर लिवलंस, बाई."

चार दिवस दोघं आळीपाळीनं तिच्या तोंडात पेजेचं पाणी घालत राहिली. श्वास चालू आहे ना, म्हणून रूपलाल पुन्हा पुन्हा तिच्या नाकाशी हात नेत. पाचव्या दिवशी घाम फुटला, ताप उतरला. तेव्हा कुठे तुलसा नवऱ्यासाठी रडली आणि फुलवंताबाईंनी तिला रडू दिलं.