दोन्हीकडचा बेलभंडारा

महादेवरावांनी सतरंजीचे एक टोक धरले आणि दुसरे विमलबाईंनी. दोघांनी ती झटकली तेव्हा एवढी धूळ उडाली की नवराबायको खोकत ओसरीवर आली. निवडणूक झाल्यापासून बैठकीत कुणी बसलेच नव्हते. त्याआधी मात्र याच सतरंजीवर पाय ठेवायला जागा नसे आणि चहाचे आधण दिवसभर चुलीवरून उतरत नसे.

"मधला लोड कोनाले?" विमलबाईंनी विचारले.

"जो निवडून येईन त्याले."

"आन् तुम्ही?"

"मी आपला दारापाशी."

पंधरा वर्षे एकाच पाठीचा भार सोसून लोडाला मधोमध खळगा पडला होता. विमलबाईंनी तो उलटा करून ठेवला, दोनदा थोपटला आणि त्या चहाच्या तयारीला आत गेल्या.

पंधरा वर्षे शेतकरी मंडळाचे अध्यक्ष महादेवराव आणि डिस्ट्रिक्ट कौन्सिलात शेतकरी मंडळ, हे इतके ठरून गेले होते की दुसरे काही होऊ शकते हे मंडळींच्या ध्यानातच राहिले नव्हते. यंदा विरोधातल्या हिंमतरावांच्या माणसांनी ते ध्यानात आणून दिले. मंडळ जिल्हाभर आपटले आणि महादेवराव तर घरच्या, उंद्रीच्या जागेवर खुद्द हिंमतरावांसमोर पडले. लोक 'पडले' हा शब्द त्यांच्यासमोर हळू आवाजात उच्चारत, घरात कुणी आजारी असावे तसे. हरलेल्याने उतरायचे, हा रिवाज. राजीनामा त्यांनी लगेच देऊन टाकला होता आणि खरे सांगायचे तर त्याचे त्यांना दुःख नव्हते. ते थकले होते. शाळा, सडका, विहिरी, आणि प्रत्येक विहिरीमागे दोन भावकींचे भांडण, याला माणूस कधीतरी विटतोच.

दुःख होते ते दुसऱ्याच गोष्टीचे. मतदानाआधी त्यांनी महादेवाच्या देवळात गावातल्या एकेकाच्या हातावर बेलभंडारा ठेवला होता. बेलाचे पान आणि चिमूटभर हळद तळहातावर घ्यायची, मूठ मिटायची आणि शब्द द्यायचा. हा शब्द मोडला तर घरादाराचे वाटोळे होते, हे वऱ्हाडात शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि तरीही ज्यांनी मूठ मिटली त्यांतले कितीतरी जण मतदानाला आलेच नाहीत. हिंमतरावांना मत दिले असते तर एक वेळ समजले असते. हे लोक नुसते घरी बसले. कुणाची म्हैस व्यायला झाली होती, कुणाच्या पोटात कळ आली होती.

आणि त्यांत तुळशीराम होता. ज्याच्यासोबत लहानपणी बोरी झोडपल्या, ज्याच्या पोरीच्या लग्नात त्यांनी स्वतः वाढप केले, तो तुळशीराम. मतदानाला न्यायला बैलांची दमणी दाराशी पाठवली तर ती रिकामी परत आली. त्याच संध्याकाळी महादेवरावांनी त्याला चावडीवर सगळ्या गावासमोर विचारले होते, "खाल्ल्या मिठाले तरी जागाचं असतं ना बे?" तुळशीराम खाली मान घालून ऐकत राहिला होता. त्या दिवसापासून दोघांचे बोलणे बंद होते.

"तुळशीराम भावजीले एकडाव इचारून तं पाहा," विमलबाई अधूनमधून म्हणत.

"काय इचारू? इचारायचं राह्यलंच काय?"

एवढ्यावर ते संपे.

आता नवा अध्यक्ष निवडायचा होता. नावे दोन. एक सुलतानपूरचे उकंडराव. मंडळ स्थापन झाले त्या दिवसापासून महादेवरावांच्या उजव्या हाताला बसणारे. दुसरा वडनेर भोलजीचा मोतीराम. महादेवरावांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा, बोलण्यात तिखट आणि तरण्या पोरांत वजन असलेला. मंडळी बरोबर निम्मी इकडे आणि निम्मी तिकडे होती. पारडे झुकवायचे होते ते महादेवरावांच्या एका हाताने.

आणि त्या हाताने काय करून ठेवले होते, ते फक्त त्या हाताच्या मालकालाच माहीत होते.

आधी उकंडराव ओसरीवर येऊन बसले होते. चहा झाला, सुपारी झाली, जुन्या आठवणी निघाल्या आणि मग त्यांनी उपरण्याच्या गाठीतून बेलाचे पान काढले.

"रिवाज म्हनून," ते म्हणाले. "तुमच्यावर भरोसा नाही असं नाही."

समोर आलेला बेलभंडारा परत फिरवणे म्हणजे माणसाला दारातून हाकलणे. महादेवरावांनी मूठ मिटली. उकंडराव हक्काचे होते, आणि मोतीरामचे बघता येईल पुढे, असे त्यांनी मनाशी म्हटले.

पुढे बघायचे होते ते दोन दिवसांतच दारात आले. मोतीराम एकटा आला असता तर त्यांनी त्याला समजावले असते. पण सोबत झुंबरबाई होती. विधवा बहीण, जिने भावाकडे आजवर साडीचोळीसुद्धा तोंडाने मागितली नव्हती. तिने पदराखालून पान काढले आणि भावाचा हात स्वतः ओढून घेतला.

"दादा, मी काई मांगत नसतो तुले," ती म्हणाली. "हे एक."

शब्द आधीच दिला आहे, हे तेव्हा सांगायला हवे होते. महादेवरावांनी पुन्हा मूठ मिटली. इकडे आड आणि तिकडे विहीर असली की माणूस निदान उभा तरी राहतो. महादेवराव दोन्हींत उतरून बसले.

दुपार कलायच्या सुमारास मंडळी जमली. उन्हाने सगळ्यांचे चेहरे रापलेले, आणि हरल्यापासून चेहऱ्यांवर एक कंटाळा बसला होता तो निराळाच. पूर्वी याच बैठकीत हसण्याने छप्पर हलायचे. आज लोक पानदान एकमेकांकडे सरकवत होते आणि कापसाच्या भावाबद्दल बोलत होते. उकंडराव भिंतीला टेकून शांत बसले होते. मोतीराम समोर, ताठ. महादेवराव दारापाशी बसले तेव्हा दोघांनीही त्यांच्याकडे पाहिले आणि दोघेही जरासे हसले. तीच नजर, तेच हसू.

महादेवराव उठून उकंडरावांजवळ गेले आणि कानाशी वाकले.

"उकंडराव, त्या दिवशीचं जरा बोलाचं होतं."

"अहो, मी कोनाजवळ तोंड उघडलं नाही," उकंडरावांनी त्यांचा हात दाबला. "तुम्ही निवांत राहा."

महादेवराव परत दारापाशी येऊन बसले. बैठकीचे काम शकूरभाई चालवायचे. गावात कापडाचे दुकान, तोंडात साखर आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात. म्हणून हे काम नेहमी त्यांच्याकडे. त्यांनी घसा साफ केला.

"तं मंडळी, पहिलं नाव उकंडरावांचं. मंग मोतीरामचं. हात वर कराचे अन् मी मोजतो तोवर खाली घ्याचे नाहीत. ठीक हाये?"

महादेवरावांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिले. तो मांडीवर पालथा पडला होता. वर केला तर बहिणीचा शब्द मोडतो, नाही केला तर उकंडरावांचा. दोन्ही वेळा केला तर मंडळी वेड्यात काढतील. खोटे सांगून, पोटात कळ आली म्हणून आत जाऊन पडावे, असे त्यांच्या मनात आले. आणि हे मनात आले तसे ते जागच्या जागी गार झाले. पोटात कळ. म्हैस व्याली. ही सगळी कारणे त्यांनी ऐकली होती आणि ऐकवणाऱ्यांच्या तोंडावर ते थुंकायचे तेवढे बाकी राहिले होते.

"पानी पिऊन आलो," ते म्हणाले.

माजघरातून ते गोठ्यात आले आणि गोठ्याच्या मागल्या दाराला हात घातला. माजघराच्या दारात विमलबाई चहाच्या कपबश्या पुसत होत्या.

"कुठी चालले? लोकं बसले हायेत."

"बसू दे."

"डोक्शावर तं काई घ्या."

पण ते तसेच बोडक्या डोक्याने बाहेर पडले. उंद्रीत महादेवरावांना कुणी तसे रस्त्यावर पाहिले नव्हते.

तुळशीराम आपल्या वावरात पऱ्हाट्या उपटत होता. कापूस कधीच वेचून झाला होता आणि उरलेली वाळकी झाडे सरपणासाठी काढायची होती. महादेवरावांना बघून तो कंबर सरळ करून उभा राहिला. आधी त्याने त्यांच्या बोडक्या डोक्याकडे पाहिले, मग गावाच्या दिशेने.

"या, महादेवराव," तो म्हणाला. त्याने 'राव' म्हटले हे महादेवरावांना लागले, पण ते त्यांनीच ओढवून घेतले होते.

"आज बैठक होती ना तुमची?"

"हाये. चालू हाये."

तुळशीराम पुन्हा वाकला. महादेवराव थोडा वेळ उभे राहिले, मग शेजारच्या ओळीत उतरले आणि पऱ्हाटी धरून ओढू लागले. हातांना सवय राहिली नव्हती. दोन-चार झाडांतच तळवे लाल झाले.

"तुळशीराम," ते मान वर न करता म्हणाले, "तुले दोघायनं बेलभंडारा उचलाले लावला होता काय?"

तुळशीरामने आणखी एक पऱ्हाटी उपटली.

"हाव."

"हिंमतरावानं?"

"थो नाही आला. याही आले. पोरगी दिली हाये ना त्यायच्या घरी, अन् हिंमतराव त्यायच्या भावकीतला. तुझ्या देवळातून मी घरी आलो तं याही ओसरीवर बसून, पान घेऊन. कसं नाही म्हनू? पोरीले नांदाचं हाये तिथी."

"मले काऊन नाही सांगितलं?"

"सांगतलं असतं तं तू यायासंग भांडला असता. भोगलं असतं पोरीनं." तुळशीरामने हातातली पऱ्हाटी ढिगावर टाकली. "मत कोनालेच दिलं नाही. कोनाचाच शब्द मोडू नये म्हनून घरी बसलो. पन दिवसभर वाटे, तू येशीन. दमणी नको, मानूस नको, तू. विचारशीन, तुळशीराम, काय अडचन हाये? मी सांगतलं असतं. तू 'मोकळं केलं' म्हनला असता तं सुटलो असतो. जो शब्द घेते त्यालेच सोडता येते ना. तू आला थेट संध्याकाळी. अन् थोबी चावडीवर."

महादेवराव तिथेच ढेकळांत खाली बसले. आपण महिनाभर ज्याला बेइमानी समजत होतो ती याची लाचारी होती, आणि ती विचारायलाही आपल्याला वेळ झाला नाही, हे त्यांना त्या उन्हात स्वच्छ दिसले. दिसून उपयोग काय, हेही दिसले.

"चुकलं माह्यं," ते म्हणाले.

तुळशीराम धुऱ्यावर, वावराच्या कडेला गेला, झाडाखालच्या मडक्यातून पाणी घेऊन आला आणि तांब्या त्यांच्या हातात दिला. मग समोर उकिडवा बसला.

"अन् तुले कोनं उचलाले लावला?"

"उकंडरावानं. अन् आपल्या झुंबरनं."

"झुंबरनं?" तुळशीरामच्या तोंडावर हसू येता येता राहिले. "मंग कठीनच हाये."

महिनाभराचे साठलेले बोलायला पुष्कळ होते, पण बोलायची घाई कुणालाच नव्हती. मग उठून दोघांनी एक ओळ संपवली आणि दुसरी धरली. तेवढ्यात धुऱ्यावरून शकूरभाई येताना दिसले. घामाघूम झाले होते आणि धोतराचा सोगा हातात धरला होता.

"महादेवराव! अहो, सारा गाव पालथा घातला. विमलबाई म्हने, मले मालूम नाही."

"झालं काय?"

"झालं." शकूरभाईंनी कपाळ पुसले. "निम्मे हात इकडं, निम्मे तिकडं. तुमची लय वाट पाह्यली. उकंडराव म्हने, महादेवरावांचं मत माह्यंच धरा. मोतीराम म्हने, मामा माह्ये हायेत. असं भांडन जुंपलं का इचारू नका. दोघंबी छातीवर हात मारून सांगून राह्यले, महादेवराव आमचेच. मंग कोनीतरी म्हनलं, दोघायचेच हायेत तं त्यायलेच अध्यक्ष राहू द्या. उकंडरावानं हात वर केला, मोतीरामनंबी केला. सगळ्यायनं केला." ते थांबले. "एकमतानं झालं. चाला, मंडळी खोळंबली हाये."

महादेवराव हलले नाहीत. शकूरभाईंनी तुळशीरामकडे पाहिले, तुळशीरामने त्यांना हातानेच जरा थांबा म्हटले आणि तो महादेवरावांजवळ आला.

"महादेवा," तो हळूच म्हणाला. "मी घरी बसलो तवा कोन निवडून आलं?"

"हिंमतराव."

"अन् आज तू घरी नाही बसला, इथी येऊन बसला. कोन आलं?"

महादेवरावांनी समोरची पऱ्हाटी दोन्ही हातांनी धरली आणि ओढली. ती निघाली नाही.

"मी," ते म्हणाले.