धाकट्याच्या नावावर

कुणाचा टाका वाकडा पडला की तो उसवून स्वतःच घालायचा, ही ताईची जुनी खोड. कपडे दुरुस्तीच्या दुकानात ती खपून जायची. घरात मात्र अंगाशी आली.

बेकरीतलं काम सुटल्यापासून धाकट्या भावानं अंथरूणच धरलं होतं. उदासीवरच्या गोळ्या चालू होत्या. जोडीला डॉक्टरीणबाईंनी फोनवर आठवणींचा व्यायाम दिला. रोज एक शब्द यायचा. त्यावरून आपल्या आयुष्यातला एक नेमका दिवस आठवायचा आणि बारीकसारीक तपशिलासकट लिहायचा. असं केलं की ‘सगळंच वाईट’ म्हणायची मनाची सवय हळूहळू सुटते, असं बाई म्हणाल्या होत्या.

पण पठ्ठ्या लिहायचा काय? ‘बूट’ शब्द आला, तर ‘माझे नेहमीच फाटतात’. झालं! फोन उशीखाली आणि तोंड भिंतीकडे.

“अरे, जरा नीट लिही की!” ताई करवादली.

“तूच लिही.”

आणि या ताईनं खरंच लिहिलं हो! आधी त्याच्या लहानपणचं, त्याच्या वतीनं. ते संपल्यावर स्वतःचं. पहिल्या पगाराचे बूट घेताना मोज्याचं भोक दुकानदाराला दिसू नये म्हणून तिनं अंगठा दुमडून धरला होता. ते आठवून ती एकटीच खुदकन हसली. कित्येक वर्षांत अशी हसली नव्हती. मग चटकच लागली. दुपारी मशीन थांबवून फोन घेऊन बसायची आणि उठायची ती हलकी होऊन. पलीकडच्या खोलीत भाऊ तसाच पडलेला. त्याचं औषध आपण चोरून पितोय, हे तिला कळत होतं. स्वतःची लाज वाटायची, तरी हात फोनकडे जायचाच.

तपासणीच्या दिवशी बाई फोन बघून खूश झाल्या. “वा! किती छान लिहिता! कसं वाटतंय आता?”

“बरं वाटतंय,” भाऊ खाली मान घालून म्हणाला.

“मग गोळी कमी करायला हरकत नाही.”

सोबत आलेल्या ताईला काय करावं कळेना. गप्प बसावं तर भावाच्या जिवाशी खेळ, बोलावं तर तोंड दाखवायला जागा नाही.

“नका कमी करू,” ती कशीबशी म्हणाली. “ते सगळं मी लिहिलंय. त्यानं नाही.” आणि तिला रडूच फुटलं. भावाकडे बघायचा धीर होईना.

“मला माहीत होतं, ताई,” तो म्हणाला. “तुझं हसणं ऐकू यायचं मला. म्हटलं, घरात एकाला तरी बरं वाटतंय, कशाला मोडता घाला? म्हणून तर बाईंना बरं वाटतंय म्हणालो.”