रस्त्याचा वेगळा कागद

कासूच्या हौसाबाईंनी माळावर चार प्लॉट पाडले, उन्हात उभं राहून खडीचा रस्ता आणि गटार करून घेतलं. त्या रस्त्याचा त्यांना असा तोरा, की पहिलं गिऱ्हाईक जगन आला तेव्हा त्यांनी दोन करार लिहून आणले: एक जमिनीचा, एक रस्ता-गटाराच्या कामाचा.

ते तपासायला बोलावलेल्या पेणच्या करसल्लागार प्रणिताने दुसरा बाजूला सारला. "आजी, रस्ता-गटार करून प्लॉट विकलात तरी जीएसटी नाय. पण कामाचा करार वेगळा केलात, तर त्या कामावर कर लागेल."

"रस्ता तोच, खडी तीच. कागद बदलला की कर? कुणाच्या डोक्यातून निघालं गो हे?"

जगन उठला. "कर भरायचा तर मी रोह्याकडं प्लॉट बघतो, मावशे."

"बस खाली!" हौसाबाईंनी रस्त्याचा कागद टराटरा फाडला. "सासऱ्यांनी खाडीकाठचं खारातलं शेत विकलं, तेव्हा बांधाचा वेगळा कागद केला नव्हता. मलाच मेलीला कुठून सुचली ही अक्कल!"

प्रणिता नवा करार लिहू लागली. त्यात रस्ता एका ओळीत संपला.

"रुंदी तरी लिही गो," हौसाबाई चिडून म्हणाल्या.