आपण आणि आम्ही

"खिडकीची जागा म्हणे! डोळ्यांसमोर हा खांब," सून पुटपुटली.

"बोट निघू दे, मागे पडेल तो," मुलगा म्हणाला.

"अहो, खांब बोटीचाच आहे. तो येणारच आपल्याबरोबर!"

आईला हसू आलं. मग वाटलं, खांबाचं बरं आहे, त्याला 'आपल्या'त धरलंय.

लोकांचे कपडे शिवण्यात हयात गेलेली बाई ती. एक टाका निसटला तर तिच्या बोटांना कळायचं, मग घरातून एवढा मोठा शब्द निसटलेला कळणार नाही होय? मुलाची दुसऱ्या शहरात बदली झाली आणि 'आपण' गायबच झाला. 'आम्ही तिकडे गेलो की...', 'आमचं तिकडचं घर...', 'आम्हाला पडदे लागतील.' पडदे तिनंच शिवले, न पाहिलेल्या खिडक्यांचे. मापात चूक निघाली तर असू दे, म्हणून आत चार बोटं माया सोडून. आईचं काय, हे मात्र कुणी काढत नव्हतं. तीही विचारत नव्हती. विचारलं की उत्तर येतं, हीच पंचाईत.

आणि आता ही सुट्टीतली सहल. 'आई, शाल घे.' 'आई, पायरी बघा हं.' एवढी सरबराई तर लग्नात व्याह्यांचीही झाली नव्हती.

बोट निघाली. शहरात उत्सव होता. दोन्ही काठांवर दिव्यांच्या माळा, चौकाचौकांत वाजंत्री, गच्च्यांवर नाचणारी माणसं. आणि पाण्यात तेच सगळं उलटं नाचत होतं. काठावरून कुणीतरी जोरजोरात हात हलवला. तिनंही हौसेनं हलवला. मग सहज मागे बघितलं, तर खांबाला रेलून एक मुलगी उभी होती. हात तिला होता. आईनं आपला हात मुकाट्यानं शालीत घेतला.

तेवढ्यात फोटोवाला आला. मुलगा आणि सून एकमेकांना बिलगून उभी राहिली. फोटोवाल्यानं कॅमेरा डोळ्याला लावला, पुन्हा खाली घेतला.

"या काकू तुमच्यातल्या का?"

"अहो, आई आहे माझी! आमच्याबरोबर आलीय," मुलगा घाईघाईनं म्हणाला.

फोटोवाल्यानं तिला मधोमध बसवलं आणि "हसा" म्हणाला. सांगितल्यासारखी ती हसली. मग मुलाकडे न बघताच तिनं विचारलं, "तिकडे माझं मशीन कुठं मांडायचं रे? उजेड डावीकडून लागतो मला."

"आई, तो पूल बघ, काय सजवलाय!"

"बघितला. मशीनचं विचारतेय."

"अगं, सुट्टीत कुठं ते मशीन-बिशीन..."

बोट पुलाखाली शिरली. दिवे वर राहिले, वाजंत्री दबली. फक्त पाण्याचा चुबुक चुबुक आवाज. त्या अंधारात कुणीतरी तिचा हात धरला. बांगड्यांवरून कळलं, सुनेचा. गार पडला होता.

"यांच्याच्यानं सांगवणार नाही," सून म्हणाली. "मशीन आहे तिथंच राहू दे, आई. आम्ही दोघंच जातोय. तुम्हाला नेत नाही."