उजव्या कोपऱ्यातली मुलगी

मार्नी सेडलाकने कुबिचेकांचं जाळीचं दार पुन्हा एकदा ठोठावलं आणि पायरीवरून खाली उतरून उभी राहिली. आत कुत्रं भुंकत होतं, टीव्ही चालू होता, म्हणजे घरात माणसं होती. फोन उचलायचा नाही असं ठरवलेल्यांनी निदान दार तरी उघडावं. मागे गाडीचं इंजिन तिने बंदसुद्धा केलं नव्हतं. पुढच्या सीटवर तिची मुलगी टेसा काचेला डोकं टेकून मक्याच्या शेताकडे बघत बसली होती.

दार उघडलं ते लिनियाच्या आईने, शेरीने. हात पिठाचे होते. आत ये म्हणण्याऐवजी तीच बाहेर आली आणि दार मागे ओढून घेतलं.

हॉलिस गावातल्या चौदा वर्षांखालच्या मुलींचा सॉफ्टबॉल संघ मार्नी चालवायची. लिनिया कुबिचेक तिची पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी. खालून हात फिरवून ती चेंडू असा सोडायची, की तो मागे पोचला तरी समोरचीची बॅट खांद्यावरच असायची. उन्हाळा लागल्यापासून संघातून मुली गळत होत्या. एक व्हॉलीबॉलकडे वळली, एक आजोळी गेली ती तिकडचीच झाली, कॅसीने तर कारणही सांगितलं नाही. आता लिनियाने यायचं बंद केलं होतं. तिच्याविना आठ उरत होत्या आणि शनिवारी मैदानात उतरायला नऊ लागतात.

शेरी हळू आवाजात सांगू लागली. शुक्रवार आला की पोरीला जेवण जात नाही. शनिवारी सकाळी उलट्या. डॉक्टरांना दाखवलं.

"पोट अगदी चांगलं आहे म्हणाले, मार्नी." तिने हातावरचं पीठ चोळून काढलं. "पोटाला काहीही झालेलं नाही."

तेवढ्यात लिनियाच बाहेर आली. उंच, किडकिडीत, पायात बूट नाहीत. आईच्या मागे अर्धी लपून उभी राहिली. मार्नीने विचारलं, संघातलं कुणी काही बोललं का. लिनियाने मान हलवून नाही म्हटलं.

"मग मी काही बोलले?"

"तुम्ही चांगलंच सांगता, कोच," लिनिया म्हणाली. "प्रत्येक चेंडूला सांगता."

मार्नीला ते कौतुक वाटलं. ती म्हणाली, बाकीच्या मुली तुझ्यावर विसंबून आहेत, सगळा संघ तुझ्या खांद्यावर आहे.

"तेच ना," लिनिया म्हणाली आणि पायाच्या अंगठ्याने पायरीवरची माती उकरत राहिली.

परतीच्या वाटेवर मार्नी एकटीच बोलत होती. हल्लीच्या मुलींमध्ये चिकाटी नाही. जरा ताण आला की पळ काढायचा. तिला बोलल्याशिवाय राहवत नसे. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा डेन्व्हरला निघून गेला, तेव्हापासून तिला एका जागी बसणंच जमेना. कपाटं पुन्हा पुन्हा लावायची, लावलेली उपसायची. शनिवारचं मैदान तेवढं बरं होतं. आणि सामना संपला तरी तो तिच्यापुरता संपायचा नाही. गाडीत बसल्यावर पहिल्या चेंडूपासून सुरुवात व्हायची, ती घराच्या फाटकापर्यंत. टेसा अधूनमधून "हं" म्हणायची.

टेसा मैदानाच्या उजव्या कोपऱ्यात उभी राहायची. तिकडे चेंडू क्वचितच जातो, म्हणून कच्च्या खेळाडूला तिथे ठेवतात. हे मार्नीला माहीत होतं, टेसालाही माहीत होतं. पण पावसाळी हवा असो की अंगात कणकण, टेसाने सराव कधी चुकवला नाही. इतर मुलींच्या आयांना मार्नी अभिमानाने सांगायची, आमच्या टेसाकडे बघा. हिच्याकडे धड एक चेंडू येत नाही, तरी हजर. याला म्हणतात खेळाची ओढ.

"तू बोल ना लिनियाशी," घर जवळ आल्यावर ती म्हणाली. "तुझं ऐकेल ती."

"बोलते," टेसा म्हणाली.

शनिवारी आठच जमल्या. पंचांनी वाट बघितली, घड्याळ बघितलं आणि सामना बर्विनच्या संघाला देऊन टाकला. मार्नीचा चेहरा उतरला. बर्विनचा कोच ऑस्ट्रँडर सत्तरी ओलांडलेला, सूर्यफुलाच्या बिया चघळणारा माणूस. तो मैदान ओलांडून तिच्याकडे आला. एवढ्या लांबून आलोय, पोरींना खेळू तर दे, म्हणाला. संघ मिसळून टाकू. गुण कुणी मोजायचे नाहीत.

"आणि आपण?" मार्नीने विचारलं.

"आपण सावलीत बसायचं. हे घे." त्याने बियांची पुडी पुढे केली. "तोंडात टाक. तोंड भरलेलं असलं की सूचना देता येत नाहीत. मी स्वतःवर करून बघितलंय."

तेवढ्यात लिनिया आली. हातात धुऊन घडी केलेला गणवेश होता. तो देऊन परत जायचं म्हणून आली होती, पण मुलींनी तिला गराडा घातला. लिनिया म्हणाली, मी चेंडू टाकणार नाही.

"मग नको टाकूस," डॅग्नी म्हणाली. ती क्रिकेटमधल्या यष्टीरक्षकासारखी बॅटवालीच्या मागे बसून चेंडू झेलणारी, संघातली सगळ्यांत तोंडाळ मुलगी. "उजवीकडे जा. टेसा तिकडे वर्षानुवर्षं एकटी उभी आहे, भूत व्हायची वेळ आलीय तिची."

मुली आळीपाळीने चेंडू टाकू लागल्या. कुणाचा चेंडू पायाशी पडायचा, कुणाचा कुंपणाबाहेर. मार्नीने बिया चावल्या. हात मांडीखाली घातले, काढले, पुन्हा घातले. दोनदा ती उठून उभी राहिली आणि दोन्ही वेळा ऑस्ट्रँडरने तिच्याकडे न बघताच पुडी पुढे सरकवली. एक सोपा उंच झेल लिनियाच्या हातातून सुटला. मार्नीने आणखी मूठभर बिया तोंडात कोंबल्या. लिनिया मात्र गवतात बसकण मारून हसत सुटली. या पोरीचं हसणं आपण कधी ऐकलंच नाही, हे मार्नीच्या लक्षात आलं.

मग तिला आणखी एक गोष्ट दिसली. चेंडू कुठेही जावो, टेसा आधी सावलीतल्या बाकाकडे बघत होती. आईच्या तोंडाकडे. गवत कापून पडलेलं असताना शेतकरी आभाळाकडे बघतो तशी.

घरी जाताना मार्नी गप्प होती. धान्याच्या उंच कोठारांपर्यंत गाडीत नुसतं इंजिन वाजत होतं.

"आई, आज काही सांगायचं नाहीये?" टेसाने विचारलं.

"नाही."

"मग मी सांगू?" टेसाने सीटचा पट्टा दोन्ही हातांनी धरला. "पुढच्या शनिवारपासून मी येणार नाही."

मार्नीने तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा रस्त्याकडे.

"लिनिया येणार आहे," टेसा भराभर बोलू लागली. "पिचिंग नको म्हणते, बाकी कुठेही उभं कर. ती कॅसीलाही आणणार आहे. मी सोडून तुझ्या नऊ होतात. मी नीट मोजलंय."

"पण तुला तर आवडतं."

टेसा पट्ट्याची कड नखाने खरवडत राहिली.

"एक दिवस चुकवला नाहीस तू, टेसा."

"बाबा गेल्यावर तू शनिवारी घरभर फिरत राहायचीस. मैदानावर बरी असायचीस." टेसाच्या आवाजात तक्रार नव्हती. शाळेची बस किती वाजता येते ते सांगावं, तशी ती सांगत होती. "मला वाटायचं, मी खेळले नाही तर तू कशाला जाशील तिकडे."

मार्नीने गाडी कडेला घेतली. मागून आलेला ट्रॅक्टर त्यांना ओलांडून गेला. चालवणाऱ्याने गावच्या रीतीने ओळखीदाखल एक बोट वर केलं आणि तिनेही सवयीने बोट वर केलं. तो दिसेनासा झाला तरी बोट तसंच होतं.

"कधीच मजा आली नाही?" तिने विचारलं.

टेसाने खरंच विचार केला. "आज आली," ती म्हणाली. "एरवी चेंडू आला नाही की बरं वाटायचं."

पुढच्या शनिवारी मार्नी एकटी गेली. लिनिया आली होती, कॅसीही आली होती. मार्नीने सगळ्यांना गोळा करून विचारलं, आज कुणाला कुठे उभं राहायचंय. मुली एकमेकींकडे बघू लागल्या. ही काहीतरी नवी परीक्षा असावी, असं त्यांना वाटलं. मग डॅग्नीने हात वर केला आणि मला एकदा तरी पळायचंय, म्हणाली. त्या दिवशी हॉलिसचा संघ सडकून हरला. मार्नी ओरडलीच नाही असं नाही, पण ओरडली की ती स्वतःच ओशाळून गप्प बसत होती.

घरी आली तेव्हा टेसा परसात होती. सशांसाठी खुराडं करायचं तिच्या मनात कधीपासून होतं. फळ्या, जाळी, खिळे परसभर पसरले होते. तिच्या कोपराला खरचटलं होतं आणि केसांत लाकडाचा भुसा होता.

"कसं झालं?" टेसाने विचारलं.

पहिल्या चेंडूपासूनचा अख्खा सामना मार्नीच्या जिभेवर तयार होता. ती पायरीवर बसली, बूट काढले.

"हरलो," ती म्हणाली. "तू सांग. हे कसं केलंस?"

टेसा क्षणभर तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग हातातली हातोडी खाली ठेवून ती सांगू लागली. शेजारच्या घरून करवत आणली तिथपासून. फळ्या मापात बसेनात ते, जाळी बोटाला लागली ते, बिजागऱ्या दोनदा काढून पुन्हा ठोकल्या ते. तिला एकदम इतकं बोलताना मार्नीने बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

खुराड्याच्या दाराची कडी आतल्या बाजूने बसली होती. मार्नीला ते आल्याआल्याच दिसलं होतं. तिने दोन्ही हात मांडीखाली घातले आणि टेसा बोलेल तोवर ऐकत बसली.